युरियाचा पेंढा

भात कापून झालं की घाटावरचे धनगर आमच्याकडे उतरतात आणि आम्ही त्यांच्या मेंढ्या खतासाठी शेतात बसवतो. यंदा माझ्या शेतात ठमाबाईचा कळप होता. सुक्या पेंढ्यावर मेंढ्या रोडावल्या होत्या.

"पेंढ्यावर युरिया मार, चांगला पचतो," मी तिला म्हणालो. अलिबागच्या शिबिरात ऐकलं होतं.

ठमाबाई हसली. "भात खानाऱ्यानं धनगराला चारा शिकवू न्हाई, दादा."

हे बांधावरच्या चारचौघांसमोर. मला झोंबलं. ती पाण्याला गेल्यावर मी युरिया कालवून पेंढ्यावर मारला आणि एका गाभण मेंढीपुढे टाकला. तो पेंढा तीन आठवडे झाकून मुरवायचा असतो, हे शिबिरात सांगेपर्यंत मी जेवणाच्या रांगेत जाऊन उभा होतो.

अर्ध्या तासात मेंढी फुगली, थरथरायला लागली, तोंडाला फेस आला. ठमाबाई ओरडत आली, गाव जमा झाला. मीच गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला.

"युरिया खाल्लाय का? तसं असेल तर ताबडतोब व्हिनेगर पाजा, वाचेल."

व्हिनेगरची बाटली माझ्या घरात होती. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

"न्हाय," मी म्हणालो.

मेंढी पोटातल्या पिल्लासकट मेली. ठमाबाईनं पदरानं तिचा फेस पुसला आणि माझ्यापुढे हात जोडले.

"माज्या मेंढरानं कायतरी वंगाळ खाल्लं, दादा. तुमच्या शेतात जीव गेला. माफी करा."

"असू दे," मी म्हणालो. वर मोठ्या मनानं म्हणालो.