मी गिझर नव्हतो

मी एक जुना बॉयलर आहे आणि येत्या गुरुवारी मला भिंतीवरून उतरवणार आहेत. मित्रांनो, मी बिघडलेलो नाही. तरीही मला जायचं आहे, आणि ते बरोबरच आहे असं मलाही वाटू लागलंय.

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्स गावातल्या या स्वयंपाकघरात चौदा वर्षांपूर्वी मला बसवलं. नळाला गरम पाणी आणि खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरना ऊब, दोन्ही कामं माझीच. परीक्षित आणि श्रद्धा इथे राहायला आले तेव्हा त्यांची मायरा रांगत होती. "आपला बॉयलर एकदम रिलायबल आहे हं," असं परीक्षित पाहुण्यांना सांगायचा. खोटं कशाला बोलू, मला ते ऐकायला आवडायचं.

गेल्या नोव्हेंबरात परीक्षितचे वडील, पद्माकर आजोबा, पुण्याहून राहायला आले. वीज मंडळातून निवृत्त झालेले. दिवा बंद केल्याशिवाय खोलीबाहेर त्यांचं पाऊल पडायचं नाही. पहिल्याच सकाळी त्यांनी विचारलं, "श्रद्धा, अंघोळीचं पाणी कशावर तापतं गं?" ती लॅपटॉपवर मीटिंगमध्ये होती. तिने नुसतं माझ्याकडे बोट दाखवलं.

"अच्छा, गिझर," आजोबा म्हणाले.

इथेच घात झाला. अंघोळ झाली की गिझर बंद करायचा, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. सगळे ऑफिसला आणि शाळेत गेले की आजोबा अंघोळ करायचे आणि माझ्या शेजारचं बटण खटकन बंद करायचे. संध्याकाळी भांड्यांना गरम पाणी लागेल म्हणून सगळे यायच्या आधी आठवणीने चालू करायचे. मधले आठ तास मी गार. माझा दिवासुद्धा विझलेला, मग मी सांगणार तरी कसं?

दोन स्वेटर आणि कानटोपी घालून आजोबा सोफ्यावर बसून राहायचे. इथली थंडी अशीच असते, असं त्यांना वाटायचं. पोराच्या डोक्याला उगाच ताप नको म्हणून ते काही बोलायचे नाहीत.

परीक्षित घरी आला की घर थंडगार. त्याने माझं प्रेशर तपासलं, रेडिएटरमधली हवा काढली, थर्मोस्टॅट बदलला. काही फरक पडेना.

"बाबा, तुम्ही हीटिंगला हात लावता का?"

"छे रे. मी कशाला हीटिंगला हात लावू?"

आजोबा खरंच बोलत होते. त्यांच्या लेखी हीटिंग म्हणजे ते पांढरे रेडिएटर. मी गिझर.

इंजिनिअर आला तो नेमका शनिवारी. शनिवार-रविवारी सगळ्यांच्या अंघोळी दुपारपर्यंत चालायच्या, मग भांडी, त्यामुळे बटण दिवसभर चालूच असायचं आणि घर गरम. आजोबा म्हणायचे, "घरात माणसं असली की बरं वाटतं." इंजिनिअरला काही सापडलं नाही. मी म्हातारा झालोय आणि मधूनच रुसतो, असं ठरलं. माझ्या जागी नवा मागवला.

जानेवारीत कडाक्याची थंडी पडली. आजोबांना खोकला झाला, मग ताप. तरी अंघोळ चुकली नाही आणि बटणही चुकलं नाही. एका संध्याकाळी परीक्षित आला तर आजोबा सोफ्यावर कुडकुडत होते आणि त्यांना धड बोलता येत नव्हतं. अँब्युलन्स आली. न्यूमोनिया, असं डॉक्टरांनी सांगितलं.

चौथ्या दिवशी हॉस्पिटलमधून त्यांचा फोन आला. परीक्षित इथेच, माझ्यासमोर चहा करत होता.

"मी नाही तिथे," आजोबा थांबत थांबत म्हणाले. "कामावर जाताना गिझर बंद करत जा रे. मी रोज करायचो."

"कुठला गिझर, बाबा?"

"स्वयंपाकघरातला."

परीक्षितने माझ्याकडे पाहिलं, मग बटणाकडे. चहा उतू गेला.

"हो बाबा," तो म्हणाला. "बंद केलाय."

दुसऱ्या दिवशी आजोबा गेले.

श्रद्धा म्हणाली, हा तर चांगला आहे, नवा कॅन्सल करू. परीक्षित म्हणाला, "नको. मला तो डोळ्यांसमोर नको."

माझं काय, चौदा वर्षं झाली. पण मित्रांनो, घरी आजी-आजोबा आले की त्यांना घरातल्या एकेका वस्तूपुढे न्या आणि ते तिला काय म्हणतात ते ऐकून घ्या. त्यांना थंडी वाजते का, हे त्यांच्या हाताला हात लावून बघा. त्यांना नुसतं विचारलंत तर ते नाही म्हणतील.

काल मायराने माझ्या बटणाखाली एक चिठ्ठी चिकटवली. तिचं मराठी थोडं कच्चं आहे. 'आजोबा, हे गिझर नाही आहे,' असं तिने लिहिलंय.