जरीखालची देवी

हुसेननं आयुष्यात ढिगानं देव काचेआड बसवले, पण देवानं त्याला घाम फोडला तो एकदाच. साल २००३, लग्नसराईचे दिवस.

शाहूपुरीतल्या त्याच्या फ्रेमच्या दुकानात तानाकाकींनी घरची अंबाबाईची तसबीर आणून टाकली होती. काकींच्या आजेसासऱ्यानं कुठल्याशा जत्रेत घेतलेलं छापील चित्र. घरच्या बायकांनी हौसेनं त्यावर जरी, टिकल्या, मखमल चिकटवून देवीचे नुसते डोळे आणि नाक उघडं ठेवलेलं. हुपरीहून करून आणलेली चिमुकली चांदीची नथ तर कागदाला भोकं पाडून ओवलेली. आता जरीला कसर लागली होती. जुनी काढायची, नवी लावायची. नातवाच्या लग्नाचा गोंधळ आज संध्याकाळी, त्याआधी देवी घरात पाहिजे.

जरी सुटली आणि हुसेननं चित्र उजेडाला धरलं. देवीच्या पायाशी दिव्यांची रांग, वर गुंडाळलेला पडदा, कडेला पगडी घातलेला तबलजी. अरे बाबा, हे तर नाटक! शंभर-सव्वाशे वर्षांमागं नाटकातल्या प्रसंगांची अशी चित्रं छापून विकायचे, हे धंद्यामुळं त्याच्या कानावर होतं. आणि तेव्हा बायका कुठल्या नाटकात? देवी म्हणजे शालू नेसलेला बाप्या होता. मेल्या चित्रकारानं गालावरची दाढीची निळसर झाकसुद्धा सोडली नव्हती.

झाकून टाकावं, कुणाच्या बापाला कळतंय, असं म्हणत त्यानं खळीत बोट बुडवलं. तेवढ्यात काकी दारात. मागं थोरला लेक बाळासो. डोकं कायम तापलेलं.

बाळासोनं चित्र बघितलं आणि सरळ हुसेनची गचांडीच धरली.

"ही आमची देवी न्हवं. जुनी इकलासा आनि ही गळ्यात मारतायसा व्हय?"

चहाच्या गाड्यावरची माणसं ग्लास हातात घेऊनच दाराशी आली. मुसलमानानं देवी विकली, एवढं एक वाक्य गल्लीत फिरलं की दुकान गेलं, आणि बापानं कमावलेलं नावही गेलं. सुटकेचा एकच रस्ता त्याला दिसत होता, हा बाप्याच तुमची देवी हे पटवून द्यायचा, आणि त्याची त्याला मनापासून लाज वाटत होती. तो वाचला असता, पण म्हातारीची देवी गेली असती.

तरी त्यानं काढून बशीत ठेवलेली नथ काकींपुढं धरली. तुमच्या हातानं लावून बघा, म्हणाला.

काकींनी नथ देवीच्या नाकाशी नेली. तार बरोबर दोन्ही भोकांत बसली. खालचं भोक जरा फाटलेलं होतं. नवी नवरी असताना काच काढून पुसताना पदर अडकून काकींच्याच हातनं ते फाटलं होतं आणि सासूनं त्यावरून उभा जन्म ऐकवलं होतं.

"हीच हाय," काकी म्हणाल्या. "सोड त्याला."

बाळासोनं गचांडी सोडली, पण चेहरा उतरला. आजवर आम्ही एका नाटक्याच्या पाया पडत आलो की काय, असं तो पुटपुटला. काकी त्या निळसर गालाकडं बघत राहिल्या. हुसेनला वाटलं, आता ही रडणार, आणि ते आपल्यामुळं. त्यापेक्षा गचांडी परवडली.

काकींनी डोईवरचा पदर सारखा केला.

"यल्लम्माचा जोगत्या लुगडं नेसून दारात येतोय, तवा वाकतोस न्हवं? तवा दाढी बघतोस काय त्याची?"

दारातली माणसं एकेक करून गाड्याकडं वळली.

मग काकींनी हुसेनला जरी लावायला सांगितलं, फक्त पायाशी असलेले दिवे तेवढे उघडे ठेव म्हणाल्या. हुसेन कामाला लागला, पण नथ पक्की करायची वेळ आली तेव्हा सुईत दोरा काही केल्या जाईना. शेवटी काकींनीच ओवून दिला.

काच बसली. बाळासोनं हुसेनच्या उंबऱ्यात चपला काढल्या, तसबीर डोक्यावर घेतली आणि तो अनवाणीच घरच्या वाटेला लागला.