डावऱ्या शंखांचा थर

"वर घट्ट आणि खाली मऊ, अशा खडकाखाली डोकं घालायचं नाही," असं कॉलेजातले आमचे भूगर्भशास्त्राचे परचुरे सर म्हणाले होते. नागपूरकडच्या त्या सहलीत आम्ही मुली मोजून तिघी. सर आम्हालाच जास्त जपतात असं वाटून मी ते हसण्यावारी नेलं. ते चार पावलं पुढे गेले आणि मी वाकून पोकळीत हात घातला. हाताला दगड झालेली गोगलगाय लागली. त्या दिवशी मला फार आनंद झाला होता.

पुढे लग्न होऊन मी निजामाच्या मुलखात बोरीला आले. सासरी कापडाचं दुकान. सासूबाई, मल्लम्मा, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "आमची नीलम्मा दगडं शिकलीय." ऐकणारे मान हलवायचे, एखाद्याच्या घरातलं जुनं दुखणं ऐकून हलवावी तशी.

गावाबाहेर ओढ्याने दरड कापलेली आहे. वर काळा फत्तर, खाली काळा फत्तर, आणि मध्ये कंबरभर जाडीचा मऊ पांढरा थर. त्या थरात बोटाच्या पेराएवढे शंख खच्चून भरलेले. आपल्या देवघरातल्या शंखाचं तोंड ज्या बाजूला, त्याच्या उलट यांचं, म्हणून गाव त्यांना डावरे शंख म्हणतं. पोटुशी बाई सातव्या महिन्यात तिथे जाते आणि स्वतःच्या हाताने एक शंख उकरून आणते. तो सहाणेवर उगाळून बाळाच्या पहिल्या गुटीत देतात. त्या शंखाला ऊन लागलेलं नसावं एवढा एकच नियम. पदराखाली काढायचा, पदराखाली आणायचा. पिढ्यान्पिढ्या बायकांनी असं उकरून तिथे बीळ झालं आहे. तोंडाशी बसता येतं, पुढे रांगत जावं लागतं. हाताशी येणारे शंख केव्हाच संपले.

लग्नानंतर मीही त्या बिळात शिरले होते, हातोडी घेऊन. बाहेर कंदील धरून भागुबाई उभी होती.

भागुबाई आमच्याकडे शेळीचं दूध घालायची. नवरा रायभान मेंढरं घेऊन वर्षातले निम्मे दिवस रानोमाळ. सासू बानूबाई घरी. भागुबाईची दोन लेकरं गेली, एक दोन महिन्यांचं, एक बोलायला लागलेलं. दोन्ही वेळेला ती सातव्या महिन्यात मेंढरांमागे होती, आणि बानूबाईने ओढ्यात उन्हात पडलेला शंख उचलून कोनाड्यात ठेवला होता. लेकरं त्यामुळेच गेली, याबद्दल भागुबाईच्या मनात शंका नव्हती.

माझी चन्ना झाली तेव्हा मला दूध आलं नाही. पोर भागुबाईच्या शेळीवर वाढली. दुधाचा तांब्या ठेवला की भागुबाई उंबऱ्याशी टेकायची आणि चन्नाकडे बघत राहायची. पुढे तिला पुन्हा दिवस गेले. मग चन्नाकडे बघताना तिचा हात आपल्या पोटावर असायचा.

तिला त्या बिळात जाऊ द्यायचं नाही असं मी ठरवलं. उंबऱ्यावरच शास्त्र सांगून अडवता येईल असं वाटलं.

"भागू, हे शंख देवाचे नाहीत. इथे तळं होतं. त्याआधी जमीन फाटून आगीचा चिखल आला, तो थिजून हा खालचा काळा फत्तर झाला. त्यावर पाणी साठलं, शेवाळ आलं, या गोगलगाई आल्या. कितीतरी पिढ्या सुखाने राहिल्या. मग वरून दुसरा चिखल आला."

"आन् मंग?"

"सगळ्या गाडल्या गेल्या."

"पळाल्या न्हाईत?"

"गोगलगाय कुठे पळणार?"

ती हसली. "हे बी खरं हाय. आमच्या आत्याबाईवानी." आत्याबाई म्हणजे तिची सासू. मग हसू गेलं. "एकबी वाचली न्हाई?"

"या तळ्यातली नाही." कॉलेजच्या कपाटात त्रिचनापल्लीकडचा एक दगड होता, एडक्याच्या शिंगासारखा वळलेला. तोही मी तिला सांगितला. समुद्रात अशा वळलेल्या शिंपल्यांची जनावरं होती, गाडीच्या चाकाएवढीसुद्धा. आपल्याला मोजता येणार नाही इतका काळ ती राहिली. आणि एका थराच्या वर त्यांतलं एकही सापडत नाही. खाली ढीग, वर काही नाही. का, ते सरांनाही माहीत नव्हतं.

"समद्याच?"

"सगळीच."

हे सांगताना मी चन्नाला छातीशी धरलं होतं. अंगात कणकण होती पोरीच्या, आणि दर थोड्या वेळाने मी तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघत होते. तेव्हापासून सवयच लागली आहे ती.

मग मी फळीवरचा एक दगड आणला आणि भिंगाखाली धरला. मोठ्या शंखाच्या कुशीत मोहरीएवढे दोन बारके शंख होते. "बघ, ही माय, ही पिल्लं. दोघांचाही जीव तसाच गेला. यात औषध कुठलं?"

भागुबाईने भिंग डोळ्याला लावून पुष्कळ वेळ पाहिलं.

"लेकरासकट गेली म्हना की," ती म्हणाली. "सोडलं न्हाई तिनं. तवर म्या एकुलताच शंख बगत होते, अक्का. मायलेकराची जोडी आसंल तर लेकरू धरून ठिवायची ताकद लय आसंल त्याच्यात."

"हा घेऊन जा मग."

"ह्याला ऊन लागलंय."

"भागू, हे सगळे मेलेले आहेत."

"मेले आसतील. पर ऊन न्हाई लागलं त्याला."

अशा जोड्या थराच्या अगदी तळाच्या पट्टीत सापडतात, बिळाच्या टोकाला. दगड दाखवताना मी तिला एवढंच सांगितलं होतं की आतल्या बाजूला त्या जास्त आहेत. कौतुकाने सांगितलं होतं.

मी पोलीस पाटलांकडे गेले, बीळ बुजवून घ्या म्हणून. ते सुपारी कातरत म्हणाले, "बीळ बुजवलं तर गावच्या बाया मलाच बुजवतील, सूनबाई. तुमी वाचत बसा निवांत."

बिळात छताच्या काळ्या फत्तराला एक चीर होती. चन्नाला सासूबाईंजवळ ठेवून मी कंदील घेऊन गेले आणि चिरेवर आडवी चुन्याची पट्टी ओढली. दगड हलला तर चुना तडकेल. आठवड्याने चुना तडकलेला होता. मी भागुबाईला नेऊन तोंडाशीच बसवलं आणि कंदिलाने दाखवला.

"चुना वाळला की तडकतोच, अक्का. आमचं आक्कं घर तडकलंय. पडलं का?"

तिचंही खोटं नव्हतं. म्हणून मी कंदिलाच्या फुटक्या काचेची पट्टी चिरेवर आडवी बसवली, दोन्ही टोकांना चुना लावून. काच वाळून तडकत नाही.

ती काच बघायला जायच्या आधीच आमचं जायचं ठरलं. निजामाच्या मुलखातून गावोगावच्या लुटालुटीच्या बातम्या येत होत्या. बाजार भरेना, दुकानाची फळी अर्धीच उघडी. यजमान म्हणाले, पोरीला घेऊन हद्दीबाहेर सोलापूरला तुझ्या माहेरी राहू, निवळलं की परत येऊ. फाल्गुन होता. भागुबाईला सातवा लागत होता.

निघायच्या सकाळी ती दूध घेऊन आली. गाडीत बोचकी चढत होती. मी तिला बाजूला घेतलं आणि चन्नाची शपथ घालायला निघाले.

तिने माझा हात धरून खाली केला. "लेकराची शपत घालू नये. म्या तिला दूध पाजलंय." मग हळूच म्हणाली, "तुमी तुमच्या लेकरापायी घरदार सोडून जायलाव. म्या कामून म्हनले का?"

तिने तांब्यातलं दूध फडक्यातून गाळून माझ्या बाटलीत ओतलं. "रस्त्यात पान्यात घालू नका, पोट बिगडतं," म्हणाली आणि वळून गेली.

गाडीची वाट ओढ्याजवळून जाते. मी थांबवायला लावली. यजमान चिडले, तरी मी उतरून बिळाशी गेले. काच चिरेवर नव्हती. खाली तुकडेही नव्हते. फुटून पडली आणि कुणी वेचून नेली, की चकाकते म्हणून आख्खीच नेली, कळायला मार्ग नव्हता. बिळाच्या तोंडाशी ताजा पांढरा भुगा पडलेला होता, आणि त्यावरून अजून मुंग्यांची वाटसुद्धा पडली नव्हती. बाभळीची एक फांदी ओढून मी तोंडात कोंबली. एवढ्याने काय होतं? शेळ्यांच्या कुंपणाला चांगली म्हणून संध्याकाळच्या आत कुणीतरी नेली असेल.

आता ज्येष्ठ लागला. हिशेबाने भागुबाई वैशाखात बाळंत व्हायला हवी. तिकडून कुणी येत नाही, माझी पत्रं पोचतात की नाही कळत नाही, आणि पोचली तरी तिच्या घरी वाचणारं कुणी नाही. चन्ना पावलं टाकायला लागली. ती झोपली की मी नाकाशी बोट धरते, आणि मग दुसऱ्याच लेकराचा विचार येतो, ज्याचं नाव मला माहीत नाही, जे असेल की नाही तेही माहीत नाही.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाचं परभणी-जिंतूरकडे जाणं झालं, नातेवाइकांना आणायला किंवा आणखी कशाला, तर बोरीला उतरा. हटकर धनगरांच्या आळीत बानूबाईचं घर विचारा आणि तिच्या सुनेची चौकशी करा. अंगणात पाळणा बांधलेला दिसला तर पुढे काही विचारू नका, मला एवढंच कळवा. घर बंद दिसलं तर ओढ्याकडे जा. बिळाच्या बाहेरूनच हाक मारा, भागुबाई म्हणून. ती लगेच ओ देत नाही, तिची सवय आहे. जरा थांबा.