नाकावर टिच्चून

मालकिणीचं नाक गेलं त्याला तीन महिने झाले होते. गेलं म्हणजे जागेवरच होतं, चांगलं सरळ, चष्मा घसरू न देणारं. पण त्याला वास यायचा बंद झाला होता. आठवडाभर ताप आला आणि उतरताना तेवढं एक घेऊन गेला. डॉक्टरांनी मान हलवली, गोळ्या दिल्या. वास परत कधी येईल, हे तिने विचारलं नाही, कारण उत्तर ऐकायची तिची छाती झाली नाही.

आता वास येत नाही म्हणून कुणाचं काय अडतं? गवंड्याचं अडत नाही, वाणसामानाच्या दुकानदाराचं फारसं अडत नाही, आणि बसच्या ड्रायव्हरला तर बरंच पडेल. पण ही बाई चौदा वर्षं कॉफीचं दुकान चालवत होती. कोपऱ्यावरचं, सहा टेबलांचं, समोर बसथांबा आणि मागे दवाखाना. आणि तिची सगळी पत होती ती त्या नाकावर. कॉफीच्या बियांचं पोतं उघडायच्या आत सांगायची की माल भिजवून वाळवलाय. एकदा तर तिने पोतं दारातूनच परत पाठवलं होतं, ‘यात उंदीर झोपून गेलाय, तो शोधा आधी’ म्हणून. सापडला होता उंदीर!

म्हणून तिने कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नाही. फक्त धाकटीला माहीत होतं, म्हणजे तिच्या बहिणीला, जी मागच्या खोलीत केक भाजायची. बाकी कारभार मालकिणीने कानांवर आणि हातांवर चालवला. वाफेच्या नळीखाली दूध आधी चरचरतं, मग आवाज जाड होतो, आणि भांड्याला तळहात टेकवेनासा झाला की थांबायचं. दूध नासलंय का ते कळणार नाही, म्हणून कालचं दूध ती सकाळी सरळ मोरीत ओतायची. कॉफीची धार पडायला लागली की मनात सत्तावीस मोजायचे. सगळं जमत होतं, आणि तरी कुणी कप खाली ठेवून जरा तोंड वाकडं केलं की ही चोरून त्या कपात बघायची, किती उरलीय ते.

त्यात गेले दोन महिने कॉफीवर येणारी सोनेरी साय पातळ झाली होती. पूर्वी साखर टाकली की क्षणभर वर तरंगायची, आता टाकल्याबरोबर बुडायची. तिने दळण बारीक करून पाहिलं, जाड करून पाहिलं, पाणी कमी केलं, वाढवलं. काही फरक पडेना. तिला वाटलं, नाकाबरोबर हातही गेला. ती स्वतः तर कॉफी प्यायचीच बंद झाली होती. तोंडात नुसतं काहीतरी गरम आणि कडू लागायचं, आणि मग रडू यायचं, आणि गिऱ्हाइकांसमोर रडायचा तिचा स्वभाव नव्हता.

आता भट्टीवाल्यांची गोष्ट. हे बिया भाजून द्यायचे, पहिल्या दिवसापासून. तिच्या नवऱ्याचे मित्र. तो गेल्यावर सहा वर्षं त्यांनी ‘वहिनी, वहिनी’ करत माल पुरवला. माणूस गोड बोलायचा. पण दुकानात शिरला की आधी छताकडे बघायचा, मग भिंतींकडे, मग समोरच्या बसथांब्याकडे. घर घ्यायला आलेली माणसं बघतात ना, तसं. मालकिणीला ते कळत होतं, पण नवऱ्याचा मित्र म्हणून ती दुर्लक्ष करायची.

त्या दिवशी दुपारी ते नमुने घेऊन आले. नेहमीची पद्धत होती. टेबलावर कप मांडायचे, त्यांत दळलेली कॉफी घालून गरम पाणी ओतायचं, चार मिनिटांनी चमच्याने वरचा थर मोडायचा, आणि फुर्रकन आवाज करत घोट घ्यायचा. या धंद्यात आवाज केल्याशिवाय चव कळत नाही. त्यांनी तीन कप मांडले.

“तीन तऱ्हांनी भाजलंय, वहिनी. कोणतं द्यायचं ते सांगा.”

तिने एकेका कपातून घोट घेतला. तिन्ही वेळा गरम आणि कडू. पण चेहरा तिने असा ठेवला की कुणाला शंका येऊ नये. “पहिलं सौम्य आहे. दुसरं जरा आंबट. तिसरं जास्त भाजलंत तुम्ही.”

भट्टीवाल्यांनी चमचा रुमालाने पुसला, खिशात ठेवला. “वहिनी, तिन्ही कपांत एकच कॉफी आहे.”

तिने कप ओळीत सरकवून ठेवले. कान मात्र तापले.

“मला शंका होतीच,” ते म्हणाले, अगदी हळू, आजारी माणसाशी बोलावं तसं. “लपवून किती दिवस लपणार? आज मला कळलं, उद्या गिऱ्हाइकांना कळेल. वास न येणाऱ्या बाईच्या हातची कॉफी कोण पिणार हो? मी काय म्हणतो, काउंटरवर माझा माणूस उभा राहील, पाटी माझ्या नावाची लागेल. तुम्ही निवांत टेबलाशी बसा, चार लोकांशी बोला. उद्या दहाला कागद आणतो, सही करून टाका. नाहीतर गोष्टी काय, पसरतात. मी तुमच्या भल्याचंच सांगतोय.”

भल्याचं म्हणे! असल्या भल्यापेक्षा माणसाने सरळ शिवी द्यावी.

ते गेले तशी धाकटी मागच्या खोलीतून आली, हाताला पीठ, डोळ्यांना पाणी. दाराला कान लावून सगळं ऐकलं होतं तिने. “ताई, कर सही. चौदा वर्षं उभी आहेस. बस आता जरा.”

“बसून काय करू? फुलदाणी व्हायचंय का मला?” मालकीण कडाडली. आणि राग भट्टीवाल्यांचा, पण निघाला धाकटीवर, कारण ती समोर होती. “माझं नाक गेलं, तुझं आहे ना शाबूत? दोन महिने कॉफी बिघडलीय, माझी मी खपून मरतेय. एकदा तरी म्हणालीस, ताई, वास बरोबर नाही?”

“मला काय कळतंय कॉफीतलं? मी चहा पिणारी बाई!”

“चहा पिणारीला नाक नसतं? सांग, काय वास येतो?”

धाकटीने दळलेल्या कॉफीचा डबा उघडला, नाक आत घातलं, आणि परत एकदा घातलं.

“अगं बोल की!”

“गोणपाटाचा,” धाकटी म्हणाली. “जुन्या, माळ्यावर पडलेल्या गोणपाटाचा. मला वाटलं आपली नवी कॉफी अशीच असते. म्हटलं तू एवढी जाणकार, मी कशाला तोंड उघडू? आणि तुला लागलं असतं.”

“कधीपासून येतो असा?”

“तुझ्या तापानंतर दुसरं पोतं आलं ना, तेव्हापासून.”

मालकीण जागच्या जागी थांबली. मग तिने किटली चढवली, चमचाभर कॉफी गाळणीच्या कागदात टाकली आणि वर पाणी ओतलं. ताजी भाजलेली कॉफी पाणी पडलं की फुगते, भाकरी फुगावी तशी वर येते, बुडबुडे सोडते. ही फुगली नाही. चिखलासारखी खाली बसून राहिली. दोन महिने ती हे रोज बघत होती, डोळे काही गेले नव्हते तिचे. पण मनाने एकदा ठरवलं होतं ना, की चूक आपलीच! मेल्याने कोपऱ्यात पडलेला, सहा-सहा महिन्यांचा माल हिला चारला होता, आणि ही स्वतःचे हात बघत बसली होती.

तिला इतका राग आला की तीन महिन्यांत पहिल्यांदा बरं वाटलं.

“उद्या सकाळी पुलापलीकडच्या भट्टीवर जा,” ती धाकटीला म्हणाली. “काल भाजलेली पाव किलो आण. आणि आता डोळे पूस, केक खारट होईल.”

दुसऱ्या दिवशी दहाला दुकान जवळजवळ भरलं होतं. खिडकीशी निवृत्त मास्तर पेपर धरून बसले होते, शेजारची शिंपीणबाई गळ्यात टेप तशीच ठेवून आली होती, दवाखान्यातल्या दोन नर्स होत्या, दाराजवळ सुटातला एक गृहस्थ होता. भट्टीवाले कागदांची फाईल बगलेत मारून आले, मागे त्यांचा माणूस. त्याने तर येतायेताच काउंटरची उंची नजरेने मापली.

मालकिणीने चमचा ट्रेवर आपटला. “जरा ऐकता का सगळे? तीन महिन्यांपूर्वी मला ताप आला. तेव्हापासून मला वास येत नाही. कॉफीचा नाही, दुधाचा नाही, कशाचाच नाही. तुमच्यापासून लपवलं, ते चुकलं माझं. आता सांगितलंय.”

बोलून झाल्यावर तिने चमचा जागेवर ठेवला.

“वहिनी, चारचौघांत कशाला हे...” भट्टीवाले पुटपुटले. त्यांच्या फाईलमधली अर्धी ताकद तिथेच गेली होती.

“चारचौघांनाच तर पाजते मी.”

दाराजवळच्या सुटातल्या गृहस्थाने अर्धा कप तसाच ठेवला आणि तो निघून गेला. लागलं तिला. लागलं नाही म्हणणं खोटं होईल. दार बंद होईपर्यंत ती त्याच्या पाठीकडे बघत राहिली.

मग मास्तरांनी पेपर खाली केला. “बाई, स्पष्टच सांगतो. दोन महिन्यांपासून कॉफीला चव नाही. आम्ही आपापसात बोलायचो. म्हटलं तुमची तब्येत बरी नसेल, कशाला दुखवा.”

“आपापसात?” मालकिणीचा पारा चढला. “मला सोडून सगळ्यांशी? अहो मास्तर, मुलांच्या वहीत एवढ्या लाल रेघा ओढल्यात जन्मभर, एक माझ्यापुढे ओढता आली नाही? आणि तुम्ही हो, शिंपीणबाई? माझ्या ब्लाउजची बाही अर्धा इंच चुकली तेव्हा मी तुम्हाला सोडलं होतं का?”

“नाही बाई,” शिंपीणबाई म्हणाल्या. “दोनदा उसवायला लावलीत.”

“मग!”

एवढं बोलून तिने काउंटरवर दोन काचेची भांडी ठेवली, दोन्हींवर गाळणीचे कागद. एकात भट्टीवाल्यांच्या पोत्यातली कॉफी, दुसऱ्यात पुलापलीकडची. एकाच किटलीतून दोन्हींवर पाणी ओतलं आणि हात मागे घेतला. पुलापलीकडची फुगली, फुगली, कागदाच्या काठापर्यंत आली. भट्टीवाल्यांची तशीच बसून राहिली. नर्स उठून जवळ आल्या. मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला.

“ताजी फुगते, शिळी बसते,” मालकीण म्हणाली. “हे बघायला नाक लागत नाही. काल तुम्ही माझी परीक्षा घेतलीत, भट्टीवाले. नापास झाले मी, कबूल आहे. आज तुमची.”

“पाण्याचा दोष असेल,” ते म्हणाले.

“दोन्हींना एकच पाणी आहे हो,” एक नर्स म्हणाली.

“वहिनी, मी तुमच्या नवऱ्याचा मित्र...”

“त्यांचं नाव काढू नका.” तिने पायाने त्यांचं पोतं काउंटरबाहेर ढकललं. “मला वास येत नाही हे ओळखलंत ते ओळखलंत, आणि शिळा माल माझ्या गळ्यात मारलात. रोज सकाळी मला वाटायचं की मी संपले. हे पाप तुमचं. उचला ते पोतं.”

भट्टीवाल्यांचा चेहरा लाल झाला. गोडवा कुठल्या कुठे गेला. “बघतो कोण येतं इथे! वास न येणारी बाई आणि म्हणे कॉफी!”

“बघा की. समोर बसथांबा आहे, तिथे बसून रोज बघा. तुमच्या नाकावर टिच्चून चालवीन.”

त्यांच्या माणसाने पोतं उचललं, भट्टीवाल्यांनी फाईल. दारात दोघे एकमेकांना अडखळले आणि शिंपीणबाई मोठ्याने हसल्या. धाकटी मागच्या दारात उभी होती, तिला मालकीण म्हणाली, “आजपासून पोतं आलं की वास तू घ्यायचास. दुधाचाही.”

“अगं पण मी चहा...”

“पी चहा. नाक इकडे दे.”

मग तिने सगळ्यांना नव्या बियांची कॉफी करून दिली. घाईत दोन बशांत सांडलं. स्वतःसाठीही एक कप केला, तीन महिन्यांनी, आणि सगळ्यांसमोर उभ्याने घोट घेतला. गरम आणि कडू. बाकी काही नाही. डोळे भरून आले ते तिने पुसले नाहीत, कुणी बघितलं तर बघितलं. आणखी एक घोट घेतला.

तेवढ्यात दार उघडलं आणि एक बाई आत आली, हातात दवाखान्याची फाईल, कधी न पाहिलेली. काउंटरपाशी येऊन तिने सहज विचारलं, “इथली कॉफी कशी असते हो?”

मास्तरांनी पेपर पुन्हा तोंडासमोर धरला. धाकटीने पदराचं टोक धरलं.

“मला विचारू नका,” मालकीण म्हणाली. “मला वास येत नाही. करते मात्र मीच. बसा.”