कागदावर नसलेला दगड

“स्माइल, मुलींनो, स्माइल! अप्सरा आहात तुम्ही. तळ्यातून वर येताय. कमळं अशी हलकेच छातीशी... हं, आता मांडीवर टेकवा... आणि हसा की गं!”

गौतमी दारातच थांबली. एक चप्पल काढलेली, दुसरी पायातच.

भूगावच्या त्या नाचाच्या क्लासच्या हॉलमध्ये, आरशाच्या भिंतीसमोर, मुली तिचा नाच नाचत होत्या. वळण न् वळण तिचं होतं. खोल वाकलेले गुडघे, छातीपासून मांडीपर्यंत सरकत येणारे हात, पुन्हा वर जाताना खांद्याला बसणारा झटका, सगळं तिनं बसवलेलं. फक्त हातांत गुलाबी कागदी कमळांच्या टोपल्या होत्या आणि चेहऱ्यांवर टूथपेस्टच्या जाहिरातीतलं हसू.

वडिलांच्या, आनंदांच्या, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ती रजेवर होती. तेवढ्यात हे झालं होतं.

“अरे, आलीस? बाबा बरे आहेत ना?” हेमलता मॅडमनी टाळी वाजवून मुलींना थांबवलं. “बरं झालं. शनिवारी धरणाकाठच्या नव्या रिसॉर्टचं उद्घाटन आहे, त्यांना बॅले हवाय. म्हटलं, आपल्याकडे तयारच आहे की. ‘तळ्यातल्या अप्सरा’ नाव दिलंय.”

गौतमी एवढंच म्हणाली, “ह्यांच्या हातात दगड होता, मॅडम.”

“असेल गं. पण दिसत कुठे होता?”

दिसत नव्हता, हे खरं. रंगमंचावर तो कधीच नव्हता. पण त्या नाचात दगडाशिवाय दुसरं काही नव्हतंही.

गौतमीच्या आईची, जाईबाईंची, आजी धरणाच्या पोटात गेलेल्या एका गावची. पाणी चढू लागलं तेव्हा ती नवी सून होती. लोक भांडी, कपडे, कोंबड्या घेऊन वर निघाले. हिनं जात्याचा वरचा दगड उचलला. सासू ओरडली, दाणे घे, दगड काय घेतेस? ती म्हणाली, दाणे कुणी ना कुणी पदरात टाकील. पण परक्या गावात महारणीला आपल्या जात्याला हात कोण लावू देईल? तो दगड घेऊन ती चिखलातून डोंगर चढली. दमली की मांडीवर टेकवायची, कमरेवर घ्यायची, पण जमिनीवर ठेवला नाही. चिखलात रुतला तर पुन्हा निघायचा नाही. जात्याची खालची तळी पाण्यातच राहिली. वरचा दगड अजून गौतमीच्या भरे गावच्या घरात, पडवीच्या कोपऱ्यात होता.

जाईबाई हे सांगताना आपसूक उठून उभ्या राहायच्या आणि हात तसे धरायच्या. त्या हातांवरूनच गौतमीनं नाच बांधला. बॅले तिला हेमलता मॅडमनी शिकवलं होतं. पिरंगुटच्या शाळेच्या गॅदरिंगला पाहुण्या म्हणून आल्या आणि या मुलीला घेऊनच गेल्या. बॅलेत सगळं वर जायचं असतं. टाचा वर, मान वर, उडी तर अशी की जमिनीशी नातंच नाही. गौतमीला ते यायचंही उत्तम. पण स्वतःचं काही करायची वेळ आली तेव्हा तिचा नाच खालीच जात राहिला, जमिनीकडे. मॅडम तेव्हा म्हणाल्या होत्या, “विचित्र आहे, पण तुझं आहे.” ते शब्द तिनं जपून ठेवले होते.

मग गेल्या वर्षी स्वरदा आली. नाच कागदावर लिहिण्याची विद्या ती परदेशातून शिकून आली होती. उभ्या रेघा, त्यांच्यावर खालून वर वाचत जायच्या खुणा. अंग उंच असेल तर खुणेत तिरप्या रेघोट्या, खाली वाकलेलं असेल तर खूण पूर्ण काळी. गौतमी पुनःपुन्हा नाचत राहिली आणि स्वरदा लिहीत राहिली. पानंच्या पानं काळी झाली. स्वरदा हसून म्हणाली होती, “इतका काळा बॅले मी कधी लिहिला नाहीये!” मग तिनं विचारलं होतं, “हातात काय आहे, तेही लिहू ना?”

मॅडम म्हणाल्या होत्या, “ते नंतर बघू. आधी मूव्हमेंट्स पूर्ण कर.”

आणि गौतमीला त्या दिवशी आनंद झाला होता. आपण नसलो तरी हे राहील, असं वाटून ती घरी पेढे घेऊन गेली होती.

“मॅडम, हा नाच त्यांना देऊ नका,” ती आता म्हणाली. “दुसरं काहीही द्या. मी बसवून देते.”

“वेळ कुठे आहे? आणि झालंय काय एवढं? कागदावर जे आहे तेच नाचतायत मुली. एक पाऊल बदललेलं नाही.”

“अर्थ बदललाय.”

“अर्थ!” मॅडमनी मुलींकडे पाहून आवाज खाली आणला. “गौतमी, लोक तिथे पाणी बघायला येणार. सुट्टी घालवायला. त्यांना मी सांगू, या पाण्याखाली गाव आहे आणि या बायका दगड वाहतायत म्हणून? कोण थांबेल बघायला?”

“नाही थांबले तर नाही. पन त्याच पाण्याच्या काठावर माज्या पणजीला हसवायची न्हाई.”

रागानं तिची बोली बदलली होती, तिलाही कळलं. मॅडमनाही कळलं. त्यांचा चेहरा कडक झाला.

“हे बघ, त्या खेड्यातून मी तुला उचलून आणलं. कुणी विचारत नव्हतं तुला. हा बॅले या हॉलमध्ये झाला, माझ्या मुलींवर झाला. उगाच तो ‘माझा माझा’ करू नकोस.”

आरशाच्या भिंतीत गौतमीला स्वतःचा चेहरा दिसला. तिला वाटलं, आत्ता, या क्षणी, काहीतरी उचलून त्या आरशावर मारावं. उचलून आणलं म्हणे. मी काय रस्त्यात पडले होते? तिनं राहिलेली चप्पल काढली, ओढणी कमरेला घट्ट बांधली आणि सरावाला उभी राहिली. नोकरी सोडून ती निघून गेली असती तर नाच तसाच हसत राहिला असता. कागद होता ना त्यांच्याकडे.

दुसऱ्या दिवशी मॅडम स्टेज बघायला रिसॉर्टवर गेल्या. गौतमी स्कूटरवरून हॉलवर आली ती मागे जाईबाईंना बसवून. पायांशी पोत्यात गुंडाळलेला दगड.

जाईबाईंनी हॉलभर नजर फिरवली. भिंतभर आरशात स्वतःच दिसताहेत म्हटल्यावर पदर सावरला. गौतमीनं पोतं सोडून दगड फरशीवर ठेवला.

“ही माझी आई,” ती मुलींना म्हणाली. “तुम्ही जे नाचता ते हिच्या आजीचं आहे. ती सांगेल.”

जाईबाईंनी सांगितलं. लांबण लावली नाही. शेवटी म्हणाल्या, “पोरींनो, हातात काय हाय ते ठावं न्हाई, आन् नाचताय व्हय? उचला बगू.”

सगळ्यांत पुढे नाचायची ती मोनिका. भुकूमच्या सोसायटीत राहायची, वडील आयटीत. ती खाली वाकली, दगडाला हात घातला आणि थबकली.

“ओ गॉड, ताई, हा हलतच नाहीये.”

“कंबर नको वाकवू. गुडघे वाकीव,” जाईबाई म्हणाल्या. “लेकराला उचलत्यात तसा उचल.”

दगड वर आला. मोनिकाच्या मानेची शीर तट्ट फुगली. छातीशी धरून ती चार पावलं चालली आणि नकळत तो मांडीवर टेकवला. तसाच, नाचात टेकवतात तसा. तिनं गौतमीकडे पाहिलं. “म्हणजे हे असं आहे?”

“हे असं आहे.”

एकेकीनं उचलला. कुणी हसलं नाही. एकीच्या हातून निसटला तेव्हा फरशीचा टवका उडाला. गौतमीनं तो पायानं बाजूला सारला.

“शनिवारी हातात टोपल्याच असतील,” ती म्हणाली. “मॅडमनी बसवलंय तसंच करायचं. पाऊल बदलायचं नाही.”

“आणि स्माइल?” मोनिकानं विचारलं.

“येत असेल तर हसा.”

शनिवारी दुपार कलताना बस मुलींना घेऊन रिसॉर्टवर पोचली. पाण्याकडे पाठ करून स्टेज बांधलं होतं. दारात मोठ्ठा फलक: ‘तळ्यातल्या अप्सरा. संकल्पना व नृत्यरचना: हेमलता.’ रिसॉर्टचे मॅनेजर नरहरी सगळीकडे धावत होते. “गेस्टना एकदम फ्रेश वाटलं पाहिजे हं, मॅडम,” असं त्यांनी जाता-येता सांगितलं. गौतमी पडद्याआड उभी राहिली. तिचं नाव फलकावर नव्हतं, याचा तिला आता तेवढा राग आला नाही. उलट बरंच वाटलं. अप्सरांच्या खाली आपलं नाव कशाला?

संगीत सुरू झालं. मुली मागून, पाण्याच्या बाजूनं वर आल्या. गुलाबी टोपल्या, चंदेरी कपडे. पण मोनिकानं टोपली छातीशी घेतली आणि तिचे गुडघे खचले. खांदे पुढे आले. तिच्यामागून एकेक मुलगी तशीच, ओझ्याखाली दबत, चिखलातून पाय उपसल्यासारखी पुढे आली. टोपल्या मांडीवर टेकत होत्या, कमरेवर जात होत्या, पुन्हा छातीशी. कागदी कमळं थरथरत होती. एकीच्याही चेहऱ्यावर हसू नव्हतं. समोरच्या टेबलांवरचे चमचे हळूहळू थांबले. कुणीतरी मोबाइल वर धरला होता तो खाली घेतला. एक लहान मुलगी मोठ्यानं म्हणाली, “आई, त्यांना जड होतंय!”

पाहुण्यांनी शेवटी टाळ्या वाजवल्या, पण वाजवाव्यात की नाही हे न कळल्यासारख्या.

मॅडम तडक पडद्याआड आल्या.

“काय केलंस हे? सूड घेतलास माझ्यावर?”

“एक पाऊल बदललेलं नाही, मॅडम. कागद काढून बघा.”

“उद्यापासून हॉलवर यायचं नाही.”

“नाही येणार.” मग गौतमीचा आवाज चढला. तिला तो अडवायचाही नव्हता. “आणि एक ऐका. मला तुम्ही उचलून नाही आणलं. मी चालत आले. रोज. ऊन म्हटलं नाही, पाऊस म्हटलं नाही. तुम्ही शिकवलंत, ते मी कधी विसरले नाही, विसरणारही नाही. पन माज्या मानसांना तुमी कागदावरनं उचलून विकलं, ते बी इसरनार न्हाई.”

नरहरी तेवढ्यात आत आले. त्यांनी गौतमीकडे पाहिलंही नाही. “मॅडम, जरा हेवी झालं हो. पण आयडिया छान आहे. दर शनिवारी ठेवू या. पुढच्या वेळी हसऱ्या मुली आणा, पुण्यातून वगैरे. लिहून ठेवलंय ना सगळं तुमच्याकडे?”

“आहे,” मॅडम म्हणाल्या. गौतमीकडे न बघता म्हणाल्या.

तिला ते आधीपासून माहीत होतं. तिनं पिशवी उचलली.

बसपाशी मुली मेकअप पुसत बसल्या होत्या. मोनिका धावत आली. तिचे डोळे लाल होते. मॅडम तिलाही बोलल्या असाव्यात.

“ताई, सॉरी, माझ्यामुळे...”

“तुझ्यामुळे काही नाही. चांगली नाचलीस.”

“खांदे प्रचंड दुखतायत पण,” मोनिका दंड चोळत म्हणाली आणि एकदम गोंधळून थांबली. “म्हणजे... टोपली तर कागदाचीच होती ना?”

गौतमीनं तिच्या गालावर हात ठेवला. तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. अंगात राग एवढा होता की रडायला जागाच नव्हती.

“बसा ना, ताई, भूगावला सोडेल बस.”

“नको. ही बस त्यांची आहे.”

ती गेटबाहेर पडून रस्त्यावर आली. ऊन उतरलं होतं. बऱ्याच वेळानं एसटी आली. ती हात करून चढली. आत भाजीच्या टोपल्या, सुटीवरून परतणारे कामगार, एक पेंगणारी म्हातारी. बसायला जागा नव्हती. तिनं वरची दांडी धरली.

“कुटं?” कंडक्टरनं विचारलं.

“भरे.”

“आतपर्यंत जात न्हाई गाडी. फाट्यावर उतरावं लागंल. तितनं काय मिळंल ह्या टायमाला?”

“चालेन मी,” गौतमी म्हणाली. “तिकीट द्या.”