गुरुवारचं धुणीघर

झापलेटालबुवाचं पितळ हर्मिनने उघडं पाडलं आणि कुणीही टाळी वाजवली नाही. पण ते सोडा. समजा, अजून काहीच घडलेलं नाही.

नोव्हेंबर १९१९, व्हिएन्ना. वावराबाईंच्या स्वयंपाकघरात अख्खी इमारत लोटली होती. टेबलावर गोल ताट, कडेने अक्षरं डकवलेली, मध्ये पालथा पेला, पेल्यावर वावराबाईंचं बोट. दोन वर्षांपूर्वी लढाईत गेलेला त्यांचा मुलगा आलोइस पेल्यातून बोलायचा, आणि बाई आपल्या वाटणीचा पाव बुवाला देऊन उपाशी राहायच्या. त्यांची हाडं दिसायला लागली होती.

झापलेटाल पूर्वी न्हावी, आता परलोकाचा दुभाष्या.

"मी तर बोटही लावत नाही," तो म्हणाला. "ये रे आत्म्या. बूट पुसून ये, ही सभ्य माणसांची इमारत आहे."

पेला सरकला. नेहमीचाच शब्द: गुरुवार.

"पुढची बैठक गुरुवारी. त्याला थंडी वाजते म्हणतो, कोळसा घेऊन या."

"आई, आता डोळे बांधून," हर्मिन म्हणाली. ती शाळेत शिकवायची.

"बांधा की. मास्तरीणबाईंची हौस होऊ दे."

हर्मिनने आईचे डोळे बांधले आणि ताट गुपचूप अर्धं फिरवलं. पेला धावला. अक्षरांची नुसती खिचडी झाली.

"हे चेक भाषेत असावं," झापलेटाल म्हणाला.

"मी चेकच आहे," शेजारच्या कुबेल्काबाई म्हणाल्या. "हे चेक नाही."

हर्मिनने ताट पूर्ववत केलं. "पेला थांबला त्या जागांवर आता काय आहे, वाचा."

गुरुवार.

"ताट फिरलेलं आत्म्याला दिसलं असतं. आईच्या बोटाला दिसलं नाही. पेला तीच ढकलते."

"शपथ घेते, मी नाही गं ढकलत."

"तुला कळत नाही, आई. आपण एखादी गोष्ट मनाच्या तळघरात टाकतो, आणि टाकली हेही विसरतो. ती मग बोटातून वर येते. गुरुवारी काय झालं होतं?"

आईने डोळ्यांवरची पट्टी काढली नाही.

"तो रजा न घेता पळून आला होता. खालच्या सामाईक धुणीघरात लपवला मी त्याला, कपडे उकळायच्या कढईमागे. धुण्याची आपली पाळी बुधवारची. गुरुवारी कुबेल्काबाईंची. म्हटलं, सकाळी जागा रिकामी करायला हवी. जा बाबा, पलटणीत परत जा."

"अगं, विचारायचंस तरी," कुबेल्काबाई हळूच म्हणाल्या. "दिला असता की मी दिवस."

झापलेटालने टोपी उचलली. हर्मिनला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं, या माणसाने थांबावं आणि काहीतरी खोटं सांगावं.

तर लोकहो, मेलेली माणसं पेले ढकलत नाहीत. ढकलतं आपलंच मन. घरात पेला सरकू लागला तर बुवाला बोलावू नका. ज्याचं बोट असेल त्याला विचारा. मात्र हळू विचारा.

दुसऱ्या दिवशी हर्मिनने घरमालकाच्या कचेरीत अर्ज दिला:

"विनंती की, गुरुवार, दिनांक १५ नोव्हेंबर १९१७ रोजीचे धुणीघर पूर्वलक्षी प्रभावाने वावरा कुटुंबाच्या नावे करण्यात यावे. श्रीमती कुबेल्का यांची हरकत नाही. त्यांची सही सोबत जोडली आहे."