चालूच ठेवलेलं इंजिन

वैशाखातल्या दुपारी माळव्याची काळी माती तापून भेगाळली की तिच्यातून भाजक्या गव्हासारखा एक कोरडा वास उठतो. त्या वासात पेट्रोलचा उग्र दर्प आणि फिनेलची कडवट झाक मिसळली की माझ्यापुरती सुमनआत्या समोर उभी राहते: पांढरं सुती लुगडं, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, स्टिअरिंगवर ठेवलेले लांब, निश्चल हात आणि किंचित डावीकडे कललेली मान.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. माधव नगरातल्या एका लहानशा प्रसूतिगृहात ती सुईण होती. महायुद्ध संपल्यावर लष्कराने विकायला काढलेल्या गाड्यांतली एक पिकअप त्या प्रसूतिगृहाने घेतली होती; मागे ताडपत्रीचं छत घालून आसपासच्या खेड्यांतल्या अडलेल्या बाया तिच्यातून आणत. संस्थानं गेली, मध्यभारत हे राज्य आलं आणि तेही विरलं, राजधानी भोपाळला गेली. जुन्या कचेऱ्यांबरोबर शहरातली अर्धी ओळखीची माणसं तिकडे निघाली, त्यांत प्रसूतिगृहाचा ड्रायव्हरही होता. तो जायच्या आधी आत्याने त्याच्याकडून गाडी शिकून घेतली. देवास गेटपाशी लोक थबकून तिच्याकडे बघत. ती रस्त्याकडे बघे. मी तेव्हा नुकतीच शाळेत शिकवायला लागले होते आणि तिच्याच खोलीत राहत होते.

त्या चैत्रात गाडीने पहिला दगा दिला. बडनगरच्या वाटेवरच्या एका खेड्यात आत्या एका बाईला आणायला गेली होती. बाईला मागे निजवलं, आत्याने स्टार्टर दाबला. इंजिन फिरलं, खोकलं, पण पेटलं नाही. पुन्हा फिरवलं, पुन्हा तेच. शेवटी बैलगाडी जुंपली. प्रसूतिगृहाच्या दारात पोहोचेपर्यंत मूल गेलं होतं; मुलगा होता. आई वाचली. संध्याकाळी आत्या गॅरेजवाल्या रहमत उस्तादांना घेऊन गाडी आणायला गेली, तर पहिल्याच हाकेला ती घुरघुरत जागी झाली, जणू काही घडलंच नव्हतं. आत्या नंतर मला एवढंच म्हणाली, "बंद राहिली असती ना, तर मला बरं वाटलं असतं."

रहमत उस्तादांचं गॅरेज देवास गेटपाशी होतं. त्यांनी बॅटरीच्या तारा घासल्या, प्लग बदलले, कार्ब्युरेटर धुतला. गाडी त्यांच्या अंगणात दर वेळी चालू व्हायची आणि बाहेर कुठेतरी, कधीतरी, अडायची. "बाई, मेरे सामने तो यह कभी बिगड़ती ही नहीं," ते हताश होऊन म्हणत. कायमचा बिघाड माणूस सोसतो, त्याची तजवीज करतो. पण हा लपंडाव, ही आज हो आणि उद्या नाही म्हणणारी चावी आत्याला आतून पोखरत गेली. तिने गाडी बंद करणंच सोडलं. खेड्यात कुणाच्या दारी गेली की इंजिन तसंच चालू ठेवून आत जाई. आत बाळंतिणीच्या कळा, बाहेर ती धडधड. आत्याचे हात एकीकडे आणि कान दुसरीकडे. बाहेरचा आवाज जरासा मंदावला तरी तिच्या ओठांवरचा रंग उडे. जेवताना घास हातात धरून ती मध्येच थांबायची, आणि मला कळायचं की बाहेरच्या रस्त्यावरून मोटार गेली.

एके दिवशी ती उस्तादांना म्हणाली, "ताप उतरल्यावर रोगी तपासून काय उपयोग? हिला चढतो तेव्हाच बघायला हवं. भर दुपारी चला माझ्याबरोबर."

"लू चल रही है, बाई," उस्ताद बाहेरच्या तापल्या वाऱ्याकडे बोट दाखवत म्हणाले.

"म्हणूनच तर."

मीही गेले. देवासच्या रस्त्यावर आत्या गाडी पळवी, थांबवी, बंद करी, पुन्हा चालू करी. आपल्याला ज्याची धास्ती आहे तेच घडावं म्हणून तिने केलेला तो हट्ट बघवत नव्हता. पळसाच्या सावलीविरहित झाडांपाशी गाडी अखेर मुकाट झाली. आत्याने डोळे मिटले. उस्ताद उडी मारून उतरले. पेट्रोल येत होतं. मग त्यांनी प्लगची तार काढून लोखंडाजवळ धरली, टोपीची सावली केली आणि ओरडले, "घुमाओ!" इंजिन फिरलं, ठिणगी मात्र पडली नाही. त्यांनी ठिणगी पुरवणाऱ्या इग्निशन कॉइलला हात लावला आणि झटक्यात मागे घेतला. पिण्याच्या पाण्यात फडकं भिजवून, पिळून, त्यांनी ते कॉइलभोवती गुंडाळलं. कॉइल निवेपर्यंत आम्ही तिघं उन्हात उभे राहिलो. पुन्हा फिरवल्यावर निळी ठिणगी टचकन उडाली.

"मिल गया, बाई! गरम होते ही अंदर से तार छूट जाता है. ठंडा हुआ, फिर जुड़ गया."

आत्या हसली नाही. फुटबोर्डवर बसून ती पदराने बराच वेळ चेहरा पुसत राहिली.

नवी कॉइल इंदूरहून यायची होती. ती यायच्या आतच बोलावणं आलं. क्षिप्रेपलीकडच्या खेड्यात एक पहिलटकरीण अडली होती. आत्याने पाण्याची घागर घेतली, फडकी घेतली, मला घेतलं. परतताना ऐन उन्हात गाडी थांबली. मागून त्या मुलीचं कण्हणं, आणि तिच्या नवऱ्याचा कापरा आवाज, "अब क्या होगा, बाईजी?"

"काही नाही. गाडी तापली आहे, निवली की चालेल," आत्या म्हणाली. तो सूर इतका स्थिर होता की मीसुद्धा विश्वास ठेवला. मग ती उतरली आणि ओलं फडकं पिळून तिने कॉइलभोवती गुंडाळलं. वरच्या तारेला थेंब लागू नये म्हणून मी पदर धरला. एकदा फिरवलं, नाही. फडकं बदललं. कण्हणं वाढलं. पुन्हा फिरवलं, आणि त्या निर्जन रस्त्यावर इंजिन गरजलं. प्रसूतिगृहात पोहोचल्यावर थोड्याच वेळात मुलगी झाली, ठणठणीत, रडकी.

पुढे कॉइल आली, बसली, आणि गाडी पुन्हा कधी अडली नाही. उस्ताद ती जुनी कॉइल भंगारात टाकून निश्चिंत झाले. आत्याला तो चैत्र तसा टाकून देता आला नाही. त्यानंतर तिच्या हातांवर कितीतरी मुलं जन्मली. त्यांची नावं ती भराभर विसरे. पण चैत्र सरता सरता, भाजी निवडताना किंवा वेणी घालताना, ती सहज म्हटल्यासारखं म्हणे, "आता तो चालायला लागला असता." मग काही वर्षांनी, "आता शाळेत जात असता." शेवटच्या आजारात तिला माझं नाव आठवत नव्हतं, तरी एका सकाळी खिडकीबाहेरच्या उन्हाकडे बघत ती म्हणाली, "आता त्याचं लग्न झालं असतं." जे जगले त्यांना काळ आपल्याबरोबर पुढे घेऊन गेला, जो जगला नाही, त्याला वाढवायचं काम काळाने आत्याकडे सोपवलं होतं, आणि आत्या गेली त्या वर्षी तो मुलगा पहिल्यांदा, खरोखर, मेला.